कार्बनला रकाना नाही

तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पुडीताई म्हणत, आणि हे त्यांना माहीत नाही असा सगळ्यांचा समज होता. त्यांना माहीत होतं. हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं, कोणत्या खिडकीपाशी, आणि तेव्हा कोण कोण हसलं, एवढंही माहीत होतं. नावाला त्यांची हरकत नव्हती, कारण ते खरं होतं. सव्वीस वर्षं त्या पुड्याच बांधत होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की या इमारतीत बाकीचे सगळे पुड्या सोडतात, बांधणारी मी एकटी.

पुडी कथलाची असते. शर्टाच्या बटणाहून लहान, वर्खासारख्या पातळ कथलाची वाटी. माशाचं मांस दोन दिवस भट्टीत वाळवायचं, खलबत्त्यात पिठासारखं कुटायचं आणि त्यातलं एक मिलिग्रॅम त्या वाटीत घालायचं. एक मिलिग्रॅम म्हणजे किती, असं कोणी विचारलं तर त्या सांगत, "बारीक मिठाचे पंधरा-वीस कण. शिंकलात तर तेही नाहीत." मग श्वास रोखून चिमट्याने कडा दुमडायच्या, गोळी करायची आणि शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत तिला तिच्या घरात बसवायची. एक घर चुकलं की पुढचे सगळे मासे एकमेकांच्या नावाने ओळखले जातात. म्हणून पुडीताई प्रत्येक घराचा आकडा दोन वह्यांत लिहीत. एक वही टेबलावर राही, दुसरी कुलपात. टेबलावरची वही कोणीतरी बदलेल असं त्यांना वाटे. सव्वीस वर्षांत कोणी बदलली नव्हती, आणि यावरून त्यांनी एवढाच निष्कर्ष काढला होता की बदलणारा धीराचा आहे.

संशयी स्वभाव ही इतर ठिकाणी खोड असते. इथे ती पात्रता होती.

घरी मात्र ती खोडच राहिली. नवरा फिरून आला की त्या आधी त्याच्या चपलांचे तळ बघत. नवरा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेला, शांत माणूस. तो म्हणे, "बागेत गेलो होतो. तळ्यावर नाही, नाक्यावर नाही. माती काढून देऊ का? वाळव, कूट, पुडी बांध."

"बागेची माती तांबडी असते," पुडीताई म्हणत. "ही काळी आहे."

"मग बागेने माती बदलली असेल," नवरा म्हणे आणि भिंग डोळ्याला लावून कामाला लागे. बागेने खरोखरच माती बदलली होती. चौकशी करून आल्यावर पुडीताईंनी तसं कबूल केलं, पण बागेवर त्यांचा विश्वास राहिला नाही.

पुड्या ज्या यंत्रात जात, ते यंत्र मॅडमच्या ताब्यात होतं. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख, पुडीताईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा केसांत, आणि दिवसभर शोध तिसऱ्याचा. यंत्र पुडी जाळतं आणि धुरातल्या अणूंची वजनं करतं. नायट्रोजन दोन जातींचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. दोन्ही टिकाऊ, आपोआप बदलत नाहीत. शास्त्रात त्यांना स्थिर समस्थानिकं म्हणतात. माणसांचा मैला पडून राहिला की त्यातला हलका नायट्रोजन वायू होऊन उडून जातो आणि जड मागे उरतो. सभा संपल्यावर हलकी माणसं पटकन सटकतात आणि खुर्च्या उचलायला तीच ती चार माणसं मागे राहतात, तसं. हे सांडपाणी तळ्यात आलं की शेवाळ तो जड नायट्रोजन खातं, शेवाळाला किडे खातात, किड्यांना मासा. म्हणून पाणी फक्त आजचं सांगतं, मासा वर्षभराचं सांगतो. माशाचा आकडा बाराच्या वर गेला की तळं आजारी, खाली आला की बरं.

चार वर्षांपूर्वी हा आकडा साडेतेरा होता. मग तो दरवर्षी उतरत गेला. साडेबारा, सव्वाअकरा, दहा. मोठ्या साहेबांना तळं सुधारल्याबद्दल एक ढाल मिळाली. ती व्हरांड्यात अशा ठिकाणी टांगली होती की पाण्याच्या माठाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्याखालून वाकून जावं. यंदाचा आकडा साडेनऊ आला होता. पुढच्या शुक्रवारी बैठक होती. तळं एवढं ठणठणीत आहे म्हटल्यावर काठावरच्या नव्या वसाहतीचं सांडपाणी त्यात सोडायला हरकत नाही, असा कागद तयारच होता. सही तेवढी बाकी होती. त्याच तळ्याचं पाणी अर्ध्या गावाच्या नळांना येई. पुडीताईंच्या नळालाही.

सोमवारी सकाळी पुडीताई यंत्राचे छापील कागद फायलीत लावत होत्या. नुसते लावायचे होते, वाचायचे नव्हते. पण न वाचता कागद लावणं म्हणजे डोळे मिटून दार उघडणं, असं त्यांचं मत. प्रत्येक माशापुढे दोन आकडे होते. पहिला नायट्रोजनचा. दुसरा कार्बनचा, जो यंत्र आपणहून देत असे, कारण एकाच जाळात दोन्ही मोजली जातात. अहवालाच्या छापील फॉर्मवर मात्र कार्बनला रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते कार्यालयाच्या दृष्टीने जन्मलेलंच नसतं. कार्बनचा आकडा उणे एकोणीस होता.

पुडीताईंच्या मनात पाल चुकचुकली.

"मॅडम, कार्बन कशाने हलतो हो?"

"खाण्याने," मॅडम तिसरा चष्मा शोधत म्हणाल्या. "तळ्यातलं खाणारा मासा उणे सत्तावीस, अठ्ठावीसला बसतो. मका, ऊस असल्या पिकांचा कार्बन जड असतो, उणे बारा. का?"

"सहज."

"बाई, तुम्ही सहज काही विचारत नाही."

"मग मुद्दाम," पुडीताई म्हणाल्या आणि जुन्या फायलींच्या कपाटाकडे गेल्या.

बारा वर्षांचे कागद होते. पहिली आठ वर्षं कार्बन उणे सत्तावीस-अठ्ठावीसला ढिम्म बसला होता. मग पंचवीस, तेवीस, एकवीस, आणि आता एकोणीस. ज्या वर्षी नायट्रोजन उतरायला लागला, त्याच वर्षी कार्बन चढायला लागला होता. एक जिना उतरतोय, दुसरा चढतोय, आणि दोघांनी एकमेकांचा हात धरलाय. चार वर्षं यांची सोबत चालली होती आणि कोणाला पत्ता नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

संशय घेण्याच्या बाबतीत पुडीताई पद्धतशीर होत्या. आधी यंत्रावर घेतला. पण यंत्रात दर वेळी आधीच आकडा माहीत असलेली एक पुडी तपासणीसाठी जाते, आणि ती चारही वर्षं बरोबर आली होती. मग स्वतःवर घेतला, आणि कुलपातली वही काढून पाहिली. मग मॅडमवर घेतला, पण ज्या बाईला स्वतःचा चष्मा सापडत नाही तिला चार वर्षं चालणारी लबाडी झेपेल असं वाटेना. शेवटी एकच माणूस उरला. दरवर्षी दहा मासे आणून देणारा. तळ्यात जाळं टाकायचा परवाना आता गावात एकाच माणसाकडे होता. बाकीचे कधीच दुसऱ्या धंद्यांना लागले होते. तो माणूस म्हणजे पुडीताईंचा थोरला भाऊ. वय एकसष्ट, दुसरं काही येत नाही, शिकायची इच्छाही नाही.

आणि तेव्हा त्यांना आठवलं. पूर्वी दादा मासे जसेच्या तसे आणून टाकायचा, फडक्यात गुंडाळून. चार वर्षांपासून साफ करून आणत होता. पोट काढून, धुऊन. पुडीताईंना तेव्हा भरून आलं होतं. बहिणीच्या हाताला घाण लागू नये म्हणून दादा किती जपतो, असं त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. आता त्यांना त्या मायेचाच वास यायला लागला.

फॉर्मच्या तळाशी, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात एक ओळ होती: नमुन्यात लबाडी आढळल्यास परवाना रद्द. ती ओळ आजवर पुडीताईंखेरीज कोणी वाचली नसावी.

पहिली शंका सोपी होती. गावाबाहेर मासे पाळायची तळी होती. दादा तिथून मासे उचलून तळ्यातले म्हणून देत असेल. मंगळवारी पुडीताई तिथल्या विक्रेत्याकडे गेल्या.

"ताई, तुकडे करून देऊ?"

"नको. तीन द्या, अख्खे."

"साफ तरी करतो."

"नको म्हटलं ना. कुटायचेत."

विक्रेत्याने त्यांच्याकडे बघितलं. "कुटायचे?"

"आणि यांना खायला काय घालता?"

"पेंड. सोयाबीनची." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने हात पुसले. "ताई, तुम्ही कुठल्या खात्यातून आलात का?"

"गिऱ्हाईक आहे मी," पुडीताई म्हणाल्या, अशा आवाजात की विक्रेत्याची खात्रीच पटली.

शहाण्णव घरांच्या ताटलीत शेवटची काही घरं नेहमी रिकामी राहत. गुरुवारी पुडीताईंनी त्यात तीन पुड्या बसवल्या.

"या कसल्या?" मॅडमनी विचारलं.

"शंका आहेत."

"नाव काय घालू?"

"शंका एक, शंका दोन, शंका तीन."

मॅडमनी खरोखरच तशी नावं घातली. शुक्रवारी आकडे आले. पाळलेल्या माशांचा कार्बन उणे चोवीस, तिन्हींचा जवळपास सारखा. सोयाबीनची पेंड खाऊन मासा उणे एकोणीसला पोचत नाही. म्हणजे दादाचे मासे तिथले नव्हते. दादा सुटला.

पुडीताईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही, जिना उतरेपर्यंत. मग त्यांच्या लक्षात आलं की चोरी आहे आणि चोर नाही, ही अवस्था चोर सापडण्याहून वाईट.

रविवारी त्या दादाच्या घरी गेल्या. घर धक्क्याच्या वरच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, मागे लहानसं अंगण. दादा जाळं विकत आणायला बाहेर गेला होता. वहिनींनी चहा टाकला. पुडीताई हात धुवायच्या निमित्ताने मागे गेल्या. अंगणात ताडपत्रीखाली पोती होती. पाच. एकाचं तोंड उसवलेलं होतं. त्यांनी बोट घालून पाहिलं. पिवळं, भरड पीठ.

"वहिनी, मक्याचं पीठ एवढं?"

"अं? कोंबड्यांना, वन्सं."

"कोंबड्या कुठायत?"

वहिनींनी अंगणभर नजर फिरवली, जणू कोंबड्यांनीच आयत्या वेळी दगा दिला होता. "आणायच्यात."

"आधी पीठ, मग कोंबड्या?"

"तुमच्या भावाचं असंच. आमचं लग्न ठरायच्या आधी पाळणा घेऊन ठेवला होता. चहा घ्या, निवतोय."

पुडीताईंनी चहा घेतला. वहिनी एकदाही नजरेला नजर देईनात. निघताना पुडीताई म्हणाल्या, "दादाला सांगा, उद्या सकाळी धक्क्यावर येते."

"कशाला?"

"कोंबड्या बघायला," पुडीताई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी आठला दादा धक्क्यावर होडीत बसलेला होता. पायाशी बादली, बादलीत पिठाचे लिंबाएवढे गोळे. लपवायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही. बहीण येणार हे कळल्यावर लपवण्यात वेळ घालवायचा नाही, एवढं तो लहानपणीच शिकला होता.

"बघ," तो म्हणाला, आणि एक गोळा धक्क्याशेजारच्या पाण्यात टाकला. पाणी आतून हललं. मग दुसरा. आता पाठी दिसायला लागल्या, करड्या, जाड, एकमेकांना ढकलणाऱ्या. दादाने ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं, ती नजर पुडीताईंनी त्याच्या पोरांच्या वाट्यालाही कधी आलेली पाहिली नव्हती.

"किती दिवस चाललंय?"

"तारीख लिहून नाही ठेवली. चार वर्षं झाली असतील. तळ्याच्या मधे काही उरलेलं नाही बये. जाळं टाकलं की शेवाळाचा लगदा वर येतो. एक अख्खा महिना रिकामा गेला. मग म्हटलं, उपाशी आहेत बिचारे, घालू खायला. आले. तेव्हापासून इथेच असतात, मधे फिरकत नाहीत."

"आणि फॉर्मवर काय लिहितोस? पकडल्याचं ठिकाण?"

"तळ्याचा मध्य."

"हा मध्य आहे?"

"बाबा मधेच टाकायचे जाळं. मी तसंच लिहीत आलो." त्याने बादली पायाने मागे सरकवली. "मी कोणाला फसवलं नाही. मासे तळ्यातलेच आहेत. विकत आणले का? चोरले का?"

"मग पोटं का काढायचास?"

"पोटात मका दिसला असता तर तू प्रश्न विचारले असतेस."

"म्हणजे चूक आहे हे माहीत होतं."

"चूक नव्हती माहीत. तुझे प्रश्न माहीत होते."

पुडीताई धक्क्याच्या दगडावर बसल्या आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं, पुड्यांच्या भाषेत नाही, सरळ. मक्याच्या पिठातला नायट्रोजन हलका. तो खाऊन माशाचा आकडा उतरला. साहेबांना वाटलं तळ्यात घाण यायची थांबली. त्यावर ढाल मिळाली, आणि त्या ढालीच्या जोरावर आता वसाहतीची गटारं तळ्यात सोडणार. तळं उपाशी मरतंय आणि कागदावर त्याची तब्येत सुधारतेय, का, तर दहा मासे दादाच्या घरचं जेवतात.

"मी गोळे टाकले म्हणून?" दादा म्हणाला. त्याला ते पटत नव्हतं. कोणालाही पटलं नसतं. "पिठाच्या गोळ्यांनी गटार येतंय?"

"हो."

"आणि तू हे सांगणार."

"सांगणार."

"परवाना जाईल माझा."

"जाईल."

"हे बरं आहे. दुसऱ्या कोणी पकडलं असतं तर निदान शिव्या घालता आल्या असत्या."

"घाल ना," पुडीताई म्हणाल्या. "मग होडी सोड. मधे चल, आणि पलीकडच्या टोकालाही. गोळे इथेच ठेव."

त्याने शिव्या घातल्या आणि होडी सोडली. मधे तीनदा जाळं टाकलं. तीनदा हिरवा, वास मारणारा लगदा. पलीकडच्या टोकाला, जिथे नाल्याचं तोंड आहे, तिथे चौथ्या खेपेला दोन मासे आले. वीतभर, डोकी मोठी आणि अंगं सुतळीसारखी. दादाने ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. काठावर मोठमोठे सिमेंटचे पाइप एकावर एक रचून ठेवले होते. ते तो बराच वेळ बघत राहिला.

दोन दिवस भट्टी, एक दिवस यंत्र. गुरुवारी संध्याकाळी आकडे आले. कार्बन उणे अठ्ठावीस, नायट्रोजन सव्वापंधरा. तळ्याने इतका वाईट आकडा आजवर दिला नव्हता.

मॅडमनी दोन्ही चष्मे काढले. "हे कोणी पकडले?"

"माझ्या भावाने."

"आणि आधीचे दहा?"

"तेही त्यानेच."

"आधीचे फसवे आणि हे खरे, असं कोण म्हणतं?"

"मी."

"तुम्ही त्याची बहीण."

"हो."

हे म्हणताना पुडीताईंना पहिल्यांदाच आपला आवाज बाहेरून ऐकू आला, आणि तो त्यांना जरा संशयास्पद वाटला.

मोठे साहेब याहून स्पष्ट निघाले. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि हळुवारपणे विचारलं, "बाई, तुमच्या दोघांत काही वाद आहे का? वडिलांच्या घराचा वगैरे?"

साहेबांच्या जागी पुडीताई असत्या तर त्यांनी हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला असता. त्यामुळे त्यांना धड रागावताही येईना. "नाही," त्या म्हणाल्या.

"नाही कसं? सगळ्यांचा असतो. बरं, असू दे. पण कार्बनला फॉर्मवर रकाना नाही. रकाना नसलेल्या गोष्टीवरून मी बैठक कशी थांबवू? शिवाय तुम्ही मापं घेणाऱ्या. मासे कुठे पकडले हे पकडणाऱ्याने लिहायचं असतं. त्याने स्वतः येऊन जुने फॉर्म दुरुस्त केले, सही केली, तर विचार करू. उद्या अकराच्या आत."

पुडीताईंनी दादाच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, दादाला सांगा, उद्या अकराच्या आत ऑफिसात येऊन..."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, वन्सं," वहिनी म्हणाल्या, "आज तो डोळ्यांनी बघितला." आणि फोन ठेवला.

निरोप पोचणार नाही याबद्दल पुडीताईंच्या मनात शंका नव्हती. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींबद्दल त्यांना शंका नव्हती, त्यांतली ही एक.

शुक्रवारी त्या नवापासून व्हरांड्यात, ढालीखाली उभ्या होत्या. दहा झाले. साडेदहाला बैठकीच्या खोलीत चहा गेला. पावणेअकराला दादा आला. अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट, दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं.

"वहिनींनी निरोप दिला?" पुडीताईंनी विचारलं.

"कसला निरोप?"

"मग का आलास?"

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. "चार दिवस ते पाइप बघतोय. गटार आलं की गोळे टाकून सुद्धा कोण येणार? परवाना राहिला तरी कशाचा राहील?" मग घसा खाकरून म्हणाला, "आणि तू सांगणार म्हटल्यावर सांगणारच. तुझ्या तोंडून जाण्यापेक्षा माझ्या तोंडून गेलेलं बरं. तू चारचौघांत माझंच पोट काढत बसली असतीस."

आवक-जावकच्या कारकुनाने चार वर्षांचे चार फॉर्म काढून दिले. दादाने प्रत्येकावर 'तळ्याचा मध्य' खोडलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं: धक्का, मक्याच्या गोळ्यांवर.

"गोळ्यांना रकाना नाही," कारकून म्हणाला.

"बाजूला जागा आहे ना?" दादा म्हणाला. "तिथे मावतंय."

मग चारही फॉर्मवर सही केली. कारकून फॉर्म उचलायला लागला, तेव्हा पुडीताईंनी ते त्याच्या हातून घेतले, चारही सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि मगच परत दिले. दादा हे सगळं बघत होता.

गटाराचा कागद बिनसहीचा परत गेला. ढाल होती तिथेच राहिली, कारण ती काढायचा आदेश कोणी काढला नाही. दादाचा परवाना पंधरा दिवसांनी रद्द झाला. तो स्वतः आवक-जावकच्या खिडकीवर येऊन परवान्याची पुस्तिका देऊन गेला आणि बहिणीच्या टेबलावरून जाताना थांबला नाही. पाळलेल्या माशांच्या तळ्यांवर त्याला राखणीचं काम मिळालं. मासे पकडायचे नाहीत, कोणाला पकडू द्यायचे नाहीत. तिथल्या विक्रेत्याने नवऱ्याला सांगितलं की म्हातारा दिवसभर पाठ करून बसतो, पाण्याकडे बघत नाही. वहिनींनी पुडीताईंना चहाला बोलावणं बंद केलं. पुडीताईंनीही जाणं बंद केलं, कारण न बोलावता गेलं आणि चहा मिळाला तर तो का मिळाला, हा प्रश्न उरला असता.

"चुकलं का हो माझं?" एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा एका जुन्या घड्याळाचं पोट उघडून बसला होता. "नाही," तो म्हणाला.

"इतक्या पटकन कसं सांगता?"

"बरं, थांबून सांगतो," तो म्हणाला, आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "नाही."

पुढच्या वर्षी पुन्हा दहा मासे हवे होते. तेव्हा कार्यालयाच्या लक्षात आलं की तळ्यात जाळं टाकता येणारा गावातला एकमेव माणूस त्यांनीच काढून टाकला आहे. बरीच पत्रापत्री झाली. शेवटी असं ठरलं, की नमुन्यापुरती परवानगी त्याच माणसाला द्यावी. पण त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या बाईंनी होडीत बसून लक्ष ठेवावं. आणि बाई त्याची बहीण, म्हणून दोघांवर लक्ष ठेवायला आवक-जावकच्या कारकुनाने बसावं. कारकुनाला पोहता येत नव्हतं आणि होडीत उलट्या होत. त्याने पत्रावर लेखी हरकत घेतली. ती आवक झाली आणि तिथेच राहिली.

पहिल्या दिवशी दोन खेपांत काही आलं नाही. कारकून दोन्ही हातांनी होडीची कड धरून होता. त्याने एक हात सोडून वहीत काहीतरी लिहिलं.

"दाखवा," पुडीताई म्हणाल्या.

"शून्य लिहिलंय, बाई. शून्यात काय खोटं लिहिणार?"

"दाखवा."

त्याने दाखवलं. तारीख चुकली होती. पुडीताईंनी ती दुरुस्त करून घेतली. दादा जाळं ओढत होता. त्याच्या गळ्यातून एक आवाज आला. तो हसला की खोकला, हे ठरवायला पुरावा नव्हता.

तिसऱ्या खेपेला एक मासा आला. मग वारा सुटला, कारकून होडीच्या कडेवर ओणवा झाला, आणि त्यांनी परत फिरायचं ठरवलं. धक्क्याला होडी बांधताना दादा दोराकडे बघत म्हणाला, "उद्या सहाला. उशीर केलास तर थांबणार नाही."

वर्षभरात तो त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पुडीताईंनी घरी जाऊन त्यावर विचार केला. सहा म्हणजे सहाच का? की सहा सांगून साडेपाचला निघायचं, एकटं, कोणाची नजर नसताना? दुसऱ्या दिवशी त्या सव्वापाचलाच धक्क्यावर पोचल्या. जेमतेम उजाडत होतं. दादा होडीत बसून जाळ्याची गाठ सोडवत होता.

"तू सव्वापाचला येणार, ठाऊक होतं," तो म्हणाला.

"आणि तू आधीच निघालेला असशील, असं मला वाटलं होतं."

"निघणारच होतो. वारा नाही, मासा वर असेल. वल्हं घे."

"कारकून आल्याशिवाय नाही," पुडीताई म्हणाल्या, आणि होडीत जाऊन बसल्या.